ठाण्यातला कॅमेरा बंद का असतो?



या अंकात वनपट्ट्यांच्या फेरतपासणीवर लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या अंकात येईल. मधेच एक प्रकार घडला आणि पाड्यापाड्यात त्याचीच चर्चा चालू आहे, म्हणून विषय बदलला.

आपल्या एका दादाचा वनहक्काचा दावा अजून पेंडिंग आहे. तो ज्या वरकस तुकड्यावर नाचणी आणि वरी करतो, तिथं त्याचा आजासुद्धा तेच पीक घ्यायचा. बांधावरचं वाळकं लाकूड तोडलं म्हणून गार्डनं त्याला सकाळी दहा वाजता ऑफिसात नेलं. वहिनी आणि मी मागोमाग गेलो. आम्हाला फाटकाबाहेर बसवलं. संध्याकाळी सात वाजता त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून सुजलेला होता. कागदावर लिहिलं, "पळताना पडला." दादा म्हणतो, "मी पळालोच नाही, मला उठूच दिलं नाही."

त्या ऑफिसच्या ओटीवर कॅमेरा लावलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. दुसऱ्या दिवशी त्याचं रेकॉर्डिंग मागितलं. साहेब म्हणाले, "तो नुसता लावलाय, वायर जोडलेली नाही." मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथं सांगितलं, "मशीन बिघडलंय, रिपेअरवाला येणार आहे." कुठलं ऑफिस आणि कुठलं ठाणं ते इथं लिहीत नाही, केस चालू आहे.

घरी येताना वहिनी म्हणाली, "आपल्या येळेलाच कसा बंद असतो रं हा कॅमेरा?" तिच्या या प्रश्नावर हे संपादकीय आहे.

चालू असलेला कॅमेरा आपण बघितला आहे

कॅमेरा चालतो कसा ते आपल्याच भागात सगळ्या राज्यानं बघितलं. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळीबार झाला. त्या वेळचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली, आणि शिवसेनेचे महेश गायकवाड जबर जखमी झाले. भांडण कशाचं होतं? जमिनीचं. द्वारली गावच्या जमिनीचं. त्या केबिनमधल्या कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या दिवशी आपल्या पाड्यातल्या पोरांच्या मोबाईलवरसुद्धा आलं. कोण कुठं बसला, कोण कधी उठला, सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्या खटल्याचा निकाल कोर्ट देईल, तो आपला विषय नाही. पण साथींनो, एवढं ध्यानात घ्या. ठाण्यातल्या केबिनमध्ये कॅमेरा असतो, तो रात्री पण चालतो, आणि त्याचं रेकॉर्डिंग काही तासांत बाहेर काढता येतं. मोठ्या माणसांच्या जमिनीच्या भांडणात मशीन चालू होतं. आपल्या जमिनीच्या भांडणात ते बिघडतं. म्हणजे रिपेअरवाल्याची वाट बघण्याइतकं हे प्रकरण साधं नाही.

कोर्टानं काय सांगितलंय ते पाठ करा

कॅमेरा लावणं ही ठाण्याच्या साहेबाची मेहेरबानी नाही. तो कोर्टाचा हुकूम आहे, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालेला आहे.

२०१४ साली मुंबईत वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातला २५ वर्षांचा तरुण मेला. त्याच्या बापानं हायकोर्टात धाव घेतली. त्याच प्रकरणात मुंबई हायकोर्टानं राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्ये आणि व्हरांड्यात कॅमेरे लावायला सांगितलं. २४ जुलै २०१५ ला सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात सांगितलं की देशातल्या सगळ्या तुरुंगांत एका वर्षात, फार तर दोन वर्षांत कॅमेरे लावा. हा बसू खटला सुरू कसा झाला ते पण ऐका. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदेशीर मदत संस्थेच्या अध्यक्षांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्राचाच खटला झाला, आणि १९९६ साली अटकेचे नियम त्यातून आले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा कागद जागेवर करून त्यावर साक्षीदाराची सही पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, हे सगळं त्यातलं. एका पत्रातून एवढं झालं. म्हणून अर्ज लिहायचा कंटाळा करू नका.

सगळ्यात मोठा हुकूम २ डिसेंबर २०२० चा, परमवीर सिंग सैनी खटल्यातला. तो असा:

ठाण्यात आत यायच्या आणि बाहेर जायच्या सगळ्या दारांवर, मुख्य फाटकावर, सगळ्या लॉकअपमध्ये, लॉकअपच्या बाहेर, व्हरांड्यात, साहेबांच्या खोल्यांत, ड्युटीवरच्या अंमलदाराच्या खोलीत, इमारतीच्या मागच्या बाजूला, सगळीकडे कॅमेरा पाहिजे. संडास-बाथरूमच्या बाहेर पाहिजे, आत नको. अंधारात दिसणारा पाहिजे. चित्राबरोबर आवाज पण टिपणारा पाहिजे. जिथं लाईट नाही तिथं सोलरवर चालवा, पण लाईट नाही ही सबब नको. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा. तेवढं साठवणारं मशीन मिळत नसेल तर जास्तीत जास्त दिवसांचं घ्या, पण एक वर्षाच्या खाली नको. कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची. आणि ठाण्याच्या दारात मोठा फलक पाहिजे, मराठीत, की इथं कॅमेरा आहे आणि तुमच्यावर अन्याय झाला तर मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते.

आता पुढच्या वेळी ठाण्यात गेलात की आधी तो फलक शोधा. किती ठाण्यांत दिसतो ते आम्हाला कळवा.

एवढं होऊनही सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा स्वतःहून हा विषय हातात घ्यावा लागला. राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत ११ माणसं मेल्याची बातमी पेपरात आली आणि कॅमेऱ्यांचा प्रश्न परत वर आला. म्हणजे हुकूम झाला म्हणून वायर जोडली जाते असं नाही.

चार भिंतींच्या आत

काही साथी म्हणतात, कॅमेऱ्यासाठी कशाला भांडायचं, जमिनीसाठी भांडू. त्यांना देसाईगंजची आठवण करून देतो. १९७२ साली, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिचा भाऊ ठाण्याच्या बाहेरच उभा होता. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, असं म्हटलं गेलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ साली कायदा बदलला.

दार बंद झालं की आतमध्ये दोनच माणसं साक्षीदार असतात. एक मारणारा, दुसरा मार खाणारा. त्यातला एक शिकलेला, वर्दीतला, कागद लिहिणारा. दुसरा आपला. कोर्ट कोणाचं ऐकतं ते आपण पन्नास वर्षं बघतोय. कॅमेरा हा तिसरा साक्षीदार आहे. आणि आपली जमिनीची लढाई जिथं मोडतात ती जागा शेत नाही, ती हीच खोली आहे. दावा मागे घे, अंगठा दे, अतिक्रमण कबूल कर, हे सगळं त्या खोलीत होतं. म्हणून कॅमेऱ्याची मागणी ही जमिनीचीच मागणी आहे.

आधारवाडीच्या भिंतीआड

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, शहापूर इकडच्या माणसाला एमसीआर मिळाली की बहुतेक वेळा तो कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात जातो. तिथं जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली असतात. त्यातली पुष्कळ कच्ची कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

जुलै २०१७ मध्ये या तुरुंगातून दोन कच्चे कैदी पळाले. पेपरात आलं की कॅमेऱ्याची वायर तोडून तिचाच दोर केला आणि भिंत ओलांडली. लोक हसले. पण यात शिकण्यासारखं आहे. कॅमेरा लावला आणि स्क्रीनसमोर बघणारा माणूस बसवला नाही, तर तो भिंतीला लावलेल्या खिळ्याइतकाच कामाचा. एखाद्या कॅमेऱ्याचं चित्र बंद पडलं तर त्याच मिनिटाला कोणाला तरी कळलं पाहिजे, आणि त्यानं वॉकीटॉकीवर टॉवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं पाहिजे. कॅमेरा आणि वायरलेस ही बैलजोडी आहे. एक बसला की दुसऱ्याला ओढवत नाही.

सरकार तुरुंगात वॉकीटॉकी आणि नवे कॅमेरे आणतं ते कैदी पळू नये, आत मोबाईल जाऊ नये म्हणून. ते त्यांचं काम, आमची हरकत नाही. पण आतल्या माणसाचा जीव वाचवायला पण तेच मशीन लागतं. संध्याकाळी बराकीला कुलूप लागतं ते सकाळी उघडतं. रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर आतले ओरडतात. पहारेकऱ्याकडे सेट असेल आणि त्याची बॅटरी चार्ज असेल, तर गेटला आणि डॉक्टरला दोन मिनिटांत निरोप जातो. नसेल तर तो चालत जाणार, चावीवाल्याला उठवणार. त्या वेळात माणूस जातो. म्हणून आमचं म्हणणं असं की प्रत्येक बराकीच्या पहाऱ्यावर चालू सेट पाहिजे, आणि रात्री निरोप किती वाजता गेला, मदत किती वाजता आली, ते रजिस्टरला लिहिलं गेलं पाहिजे.

जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मार खाऊन मृत्यू झाला. सकाळच्या वाटपात अंडी आणि पाव कमी भरले, त्यावरून सुरू झालेलं. तुरुंगाच्या सहा बाया कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला झाला. प्रकरण दबलं नाही, कारण आतल्या इतर कैदी बाया गप्प बसल्या नाहीत. मशीन पाहिजेच, पण मशीनबरोबर बोलणारी माणसं पण लागतात हे विसरू नका.

गाडी पण कोठडीच आहे

बदलापूरचं २०२४ चं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेतल्या दोन लहान पोरींवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनात गाड्या अडवल्या. तेव्हा पहिली बोंब कशाची झाली? शाळेच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळत नाही, याची. मग २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्यानं बंदूक हिसकावली, आम्ही जीव वाचवायला गोळी मारली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीच्या अहवालात गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका आला.

तेव्हा पुष्कळ लोकांनी पेढे वाटले. आपल्यातले पण काही खूश झाले. त्यांचा राग आम्हाला समजतो, त्या पोरींसाठी आपलं पण काळीज जळलं. पण विचार करा. त्या पोरींच्या आईबापांना भर कोर्टात, सगळ्यांसमोर निकाल मिळायला पाहिजे होता. शाळेतल्या कोणी काय दडवलं ते बाहेर यायला पाहिजे होतं. आरोपी गेला आणि त्याच्या तोंडून काही निघायची वाट बंद झाली. आणि आज जी गाडी त्याला घेऊन गेली, तसलीच गाडी उद्या आपल्या पाड्यात वनहक्क मागणाऱ्याला न्यायला येते. बंद गाडीत काय झालं याला साक्षीदार वर्दीवालेच. म्हणून गाडीत पण कॅमेरा पाहिजे. आणि गाडी कुठून निघाली, कुठं थांबली, किती वाजता पोचली, ते वायरलेसवरून कंट्रोल रूमला सांगून तिथं लिहिलं गेलं पाहिजे.

डोळा कोणाच्या हातात?

आपल्या एका आत्यानं बैठकीत वेगळं मत मांडलं. ती म्हणाली, "कॅमेरा सरकारचा. तो आपल्यावरच रोखणार. आज ठाण्यात लावा म्हणता, उद्या जंगलात लावतील आणि बायांना सरपणाला जायची चोरी होईल."

आत्याचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे गावच्या बायांना कसा त्रास झाला, यावर २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाचा अभ्यास आला. जंगल ही बायांची मोकळं बोलायची, गाणं म्हणायची जागा. कॅमेरा आला आणि त्यांचा आवाज बसला. एका बाईचा संडासला बसलेला फोटो तर गावभर फिरवला गेला.

म्हणून आपली मागणी दोन तोंडांची पाहिजे. जिथं वर्दीवाल्याच्या ताब्यात आपला माणूस आहे, तिथं कॅमेरा पाहिजे. जिथं आपण आपल्या हक्काच्या जंगलात फिरतो, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय नको. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याच्यावर नजर पाहिजे, ज्याच्या डोक्यावर मोळी आहे तिच्यावर नको. आणि बराकीत, बायांच्या कोठडीत, अंघोळीच्या जागी लाज राखलीच पाहिजे.

फॉरेस्ट ऑफिसचं काय?

आता मूळ मुद्दा. सगळे हुकूम पोलीस ठाण्याचे आणि तुरुंगाचे. पण आपल्याला आधी नेतात कुठं? फॉरेस्ट ऑफिसात. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ६४ मध्ये वन अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. त्याच कलमात पुढं लिहिलंय की विनाकारण उशीर न लावता त्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नेलं पाहिजे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात बसवून ठेवणं हा उशीर नाही तर काय?

२०२० च्या हुकुमात सुप्रीम कोर्टानं सीबीआय, ईडी अशा केंद्राच्या ऑफिसांत पण कॅमेरे लावायला सांगितलं, आणि यादीच्या शेवटी म्हटलं की जी कोणती यंत्रणा चौकशी करते आणि जिला अटकेचा अधिकार आहे, तिच्याकडे पण लावा. तो भाग केंद्र सरकारला उद्देशून आहे. राज्याच्या वन खात्यावर तो आपोआप लागतो असं म्हणून कोणी फसू नका. पण न्याय तोच आहे. चौकशी करता, अटक करता, खोलीत बसवता, तर त्या खोलीत कॅमेरा पाहिजे. ही मागणी आपण नाही केली तर कोण करणार? शहरातल्या माणसाला रेंजरच्या ऑफिसात कोण बसवतो?

आपण काय करायचं

१. माणूस नेला की त्याच तासाला वहीत लिहा. किती वाजता, कुठून, कुठल्या गाडीतून, गाडीचा नंबर, साहेबाच्या छातीवरचं नाव. ऑफिसात कॅमेरा कुठं लावलाय ते पण लिहा.

२. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अर्ज द्या: "अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग राखून ठेवा." उशीर करू नका. मशीनमधली डिस्क भरली की जुन्यावर नवीन आपोआप चढतं. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

३. "कॅमेरा बंद आहे" असं सांगितलं तर तेच लिहून मागा. कधीपासून बंद, दुरुस्तीला कधी कळवलं. माहितीच्या अधिकारात विचारा. माणसाच्या जीवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते.

४. रेकॉर्डिंग मिळालं तर मशीनमधलं घड्याळ आणि खरं घड्याळ यात किती फरक आहे ते पंचनाम्यात लिहून घ्या. घड्याळ चुकीचं असलं की कोर्टात वकील त्यावरच खेळतो.

५. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे. तिथं घाबरू नका. मार बसला असेल तर मॅजिस्ट्रेटला तोंडानं सांगा, जखम दाखवा, डॉक्टरी मागा. आदिवासींना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

६. कॅमेऱ्यांवर देखरेख करायला जिल्ह्याची समिती असते. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे तिच्यात कलेक्टर, पोलीस प्रमुख आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. अर्जाची एक कॉपी त्यांना, एक राज्य मानवी हक्क आयोगाला द्या.

७. प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्या की वन खात्याच्या ज्या ऑफिसात माणसाला बसवून चौकशी होते, तिथं चालू कॅमेरा लावा, आणि वायर जोडलेली असू द्या.

दादाचा हात आता बरा होतोय. प्लॅस्टर अजून आहे, नाचणीची लावणी वहिनीनं आणि पोरांनी उरकली. त्याच्या प्रकरणात अर्ज गेले आहेत, पोच आपल्याकडे आहे. रेकॉर्डिंग मिळेल की नाही सांगता येत नाही. पण "मशीन बंद होतं" हे साहेबांना आता सहीनिशी लिहून द्यावं लागणार आहे, आणि पुढच्या वेळी त्यांना ती सही आठवेल.

ठरावाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. ज्याला वाचता येतं त्यानं पाड्यात मोठ्यानं वाचून दाखवा.

लढेंगे, जितेंगे. जिंदाबाद.